कोम्प्रा-लो-ईआमोस: सिलॅबल किती आणि एकाच शब्दावर दोन अ‍ॅक्सेंट कसे?

पोर्तुगीजमधलं 'कोम्प्रा-लो-ईआमोस' (comprá-lo-íamos) म्हणजे 'पैसे असते तर आम्ही ते घेतलं असतं' यातलं 'आम्ही ते घेतलं असतं', त्याचे सिलॅबल (उच्चाराचे तुकडे) तुम्ही पाच मोजलेत आणि दोन अ‍ॅक्सेंट (अक्षरांवरच्या तिरक्या खुणा) बघून छपाईची चूक समजलात. चूक नाहीये ती. सिलॅबल सहा आहेत: कोम-प्रा-लो-ई-आ-मोस. (स्पेलिंगप्रमाणे लिहितोय, लिस्बनला शेवटी 'मुश' ऐकू येईल.) आपण देवनागरीत 'म्प्र' एकत्र लिहितो ना, तिथेच फसतो, कारण तो म आधीच्या सिलॅबलचा आहे, खरं तर नुसता अनुनासिक, आणि 'प्र' मात्र फोडायचा नाही. शेवटचे ई आणि आ पण वेगवेगळे, ते जोडून 'या' केलंत की एक सिलॅबल गेला.

आता दोन अ‍ॅक्सेंट. हा मुळात एक शब्द नव्हताच. 'कोम्प्रारेई' म्हणजे 'मी घेईन', हे मूळ क्रियापद कोम्प्रार आणि 'आवेर' (असणं) या क्रियापदाचं रूप 'एई' चिकटून झालंय, आणि 'ईआमोस' हे त्याच आवेरच्या भूतकाळाचं घासून उरलेलं शेपूट. सांधा अजून पक्का झालेला नाही, म्हणून 'लो' म्हणजे 'ते' हे सर्वनाम मधोमध घुसतं आणि हायफनने तुटलेल्या प्रत्येक तुकड्याला अ‍ॅक्सेंटचे नियम वेगळे लागतात. 'प्रा'वर आघात (उच्चारातला जोर) आणि शेवटी आ, म्हणून तिथे एक, 'ईआमोस'चा आघात शेवटून तिसऱ्यावर, म्हणून दुसरा. 'पार्ति-लो-ईआमोस'मध्ये मात्र एकच, कारण इ-अंती तुकड्याला सहसा लागत नाही.

आणि 'कोम्प्रार'चा र कुठे गेला? जुन्या पोर्तुगीजमध्ये र + लो चं 'ल्लो' व्हायचं, आपल्याकडे धर्मचं धम्म झालं तसंच, मग एक ल गळला. मला हे कळलं तेव्हा रूपं पाठ करायची गरजच उरली नाही.

वाक्यात 'नाउं' (नाही) आलं की सर्वनाम क्रियापदाच्या आधी पळतं आणि क्रियापद परत अखंड होतं, कोम्प्रारीआमोस, पाच सिलॅबल. ही युक्ती 'फाला-से' (बोललं जातं) आणि 'फालास्से' (बोलला असता तर) यांच्यातही चालते, ज्यात पोर्तुगीज लोक स्वतः सर्रास चुकतात. नकार लावून 'से' क्रियापदाच्या आधी गेलं तर हायफन, नाही गेलं तर दोन स, आणि मग ओळ तोडताना फा-लास-से. आघातही बदलतो, पहिल्यात फा वर, दुसऱ्यात ला वर.

ओळीच्या शेवटी नेमका हायफन आला तर पोर्तुगीज शुद्धलेखनाच्या 1990 च्या करारानुसार तो पुढच्या ओळीच्या सुरुवातीला परत लिहायचा, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

ब्राझीलला जाणार असाल तर हे मधे सर्वनाम घुसलेलं रूप फक्त वाचता आलं तरी पुरे. तिथे बोलण्यात कुणी वापरत नाही, माजी राष्ट्राध्यक्ष मिशेल तेमेर वापरायचे तर लोक त्यावरून चेष्टा करायचे.