स्पॅनिश गाण्याच्या रेकॉर्डिंगआधी जोर कुठे पडतो ते बघा

लातूरच्या दादा, तुमची पोस्ट वाचली आणि अंगावर काटा आला. आईवरचं मराठी गाणं चांगलं चाललंय, आता ते स्पॅनिशमध्ये करायचंय, भाषांतर करून आणलंय, पण ओळी चालीत बसेनात. म्हणून एक-दोन शब्द गाळून, देवनागरीत लिहून पुढच्या आठवड्यात स्टुडिओत जाऊ का, असं तुम्ही विचारलंय. नका जाऊ. तारीख पुढं ढकला, ॲडव्हान्स बुडाला तरी बुडू द्या.

माईक, सूर, मिक्सिंग याबद्दल काही सांगत नाही, ते तुम्हाला येतंच.

सहा वर्षांपूर्वी मी हेच केलं. वडील गेल्यावर त्यांच्यावर केहरवा तालात एक गाणं केलं होतं. आमच्या परभणीकडं ते लग्नाकार्यात, जत्रेत बरंच वाजलं. मग स्पॅनिशमध्ये करायची इच्छा झाली. भाषांतराची कामं घेणाऱ्या एका कार्यालयाला नऊ हजार रुपये दिले. चाल ऐकवतो, असं मी दोनदा म्हणालो. ‘गरज नाही, भाषांतर अचूक आहे,’ एवढंच उत्तर मिळालं. शिक्का मारलेला कागद हातात आला. त्यांचं भाषांतर खरंच अचूक होतं, पण ते गाणं म्हणून कुणीच वाचलं नव्हतं. नंतर तक्रार घेऊन गेलो तर ‘गायनाशी आमचा संबंध नाही’ म्हणाले. मग काम घेताना तसं सांगायचं होतं ना! याचा राग अजून गेलेला नाही.

माझी चूक यापेक्षा मोठी होती. मुखड्यात ‘बाबा’ होतं, तिथं ‘पापा’ आलं. दोन अक्षरांच्या जागी दोन अक्षरं, समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या, जोराच्या मात्रेवर ‘बा’ होता तिथं ‘पा’. अख्ख्या गाण्यात मला तोच शब्द सगळ्यात सोपा वाटला. कागदावर शेवटच्या अक्षरावर एक तिरकी रेघ होती. देवनागरीत उतरवताना मी ती सोडून दिली. गाणं बाहेर आलं. तीन महिन्यांनी वेरूळला स्पॅनिश पर्यटकांना लेणी दाखवणाऱ्या एका गाइड मित्राला ऐकवलं. त्यानं मुखडा दोनदा ऐकला आणि हळू आवाजात सांगितलं, वडिलांना म्हणायचं तर जोर दुसऱ्या ‘पा’वर पाहिजे. पहिल्यावर दिला की लॅटिन अमेरिकेत त्याचा अर्थ होतो बटाटा. मी प्रत्येक वेळी समेवर पहिलाच ‘पा’ दाबून गायलो होतो. घरी आल्यावर आईला हे सांगायची हिंमत झाली नाही.

मराठीत जोराची जागा बदलल्यानं शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपल्या कानाला हे खटकतच नाही. स्पॅनिशमध्ये बदलतो. तेव्हा प्रत्येक शब्दातल्या जोराच्या अक्षराखाली लाल रेघ मारा, मग टाळी देत ओळ नुसती बोला. लाल रेघ आणि ठेक्याचा जोर एकत्र पडले पाहिजेत. माझ्या मुखड्याची दुरुस्ती शेवटी छोटीच निघाली: ‘मि पापा’ (माझे बाबा) मधला ‘मि पा’ समेच्या आधी उचलला आणि दुसरा ‘पा’ समेवर आणला. पण आवाज बदलला की ते नवं रेकॉर्डिंग धरतात, त्याला नवा आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक लागतो. जुनं गाणं काढून नवं चढवलं आणि तोवरचे ऐकणारे गेले.

माझं मत विचाराल तर भाषांतरकार नकोच. त्या भाषेत गाणी लिहिणारा माणूस शोधा, त्याला चाल द्या, आशय सांगा आणि शब्द त्याला ठरवू द्या. अर्थ थोडा हलला तर हलू द्या. इंग्रजी गायक डेव्हिड बोवीच्या ‘स्पेस ऑडिटी’ या अंतराळवीरावरच्या गाण्याचे इटालियन शब्द मोगोल या गीतकारानं लिहिले, त्यात अंतराळवीर राहिलाच नाही, एकटा मुलगा आणि एकटी मुलगी आली. मला एवढं टोक मान्य नाही, आईवरच्या गाण्यात आई राहिलीच पाहिजे. पण चालीला शब्द शरण जातात हे त्यातून कळतं. आब्बा या स्वीडिश बँडनंसुद्धा 1980च्या स्पॅनिश अल्बमसाठी शब्द बडी आणि मेरी मॅक्क्लस्की यांच्याकडून लिहून घेतले होते.

भाषा येत नाही म्हणून मात्र घाबरू नका. सेलेना ही गायिका अमेरिकेत टेक्सासमध्ये इंग्रजी बोलत वाढली, स्पॅनिश गाणी आधी उच्चार पाठ करून गायली. आपल्याला तर एक फायदाच आहे: स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखेच दातांवर येतात, इंग्रजीच्या सवयीनं ट-ड म्हणू नका. पुढं कधी जर्मन केलंत तर त्यांचा झेड म्हणजे आपल्या ‘चूल’मधला च.

आणखी एक, मराठी गाण्याचे वेगवेगळे ट्रॅक (आवाज वेगळा, वाद्यं वेगळी) जपून ठेवा. बीटल्स या इंग्रजी बँडनी 29 जानेवारी 1964 रोजी पॅरिसमध्ये आपली दोन गाणी जर्मनमध्ये गायली. एकाला जुनी वाद्यं तशीच वापरता आली. ‘शी लव्हज यू’चा मूळ ट्रॅक मात्र उरला नव्हता, म्हणून सगळं पुन्हा वाजवावं लागलं.

मी वकील नाही, तरी सांगतो: कवी दुसरे असतील तर भाषांतराची परवानगी त्यांच्याकडून लेखी घ्या. कॉपीराइट कायद्यात भाषांतराचा हक्क वेगळा धरलाय, गायची परवानगी होती म्हणून तो आपोआप मिळत नाही.

मुखडा मला पाठवा. लिहून नको, टाळी देत म्हणून पाठवा. मी तो वेरूळच्या मित्राला ऐकवतो, त्याच्याकडं स्पॅनिश पाहुणे येतात. त्यांनी एकदा ऐकलं की मग स्टुडिओची तारीख घ्या.