सायकलच्या टायरला साडेअकरा हजार घालावेत का?

प्रश्न: मी ४१ वर्षांचा आहे. नाशिकला राहतो, अंबडच्या एका कारखान्यात नोकरी करतो. २०२१ मध्ये घेतलेली रोड बाइक आठवड्यातून दोनदा चालवतो. गंगापूर धरण किंवा त्र्यंबक रस्ता, एका वेळी साधारण ३५ किलोमीटर. मागचा टायर मधोमध सपाट झालाय आणि एका जागी दोरे दिसायला लागलेत. ग्रुपमधले म्हणतात, एकदाच काय ते कॉन्टिनेन्टल कंपनीचे जीपी ५००० टायर टाक. जोडी ११,६०० रुपयांना पडते. दुकानदाराकडे १,९०० चा साधा आणि ७५० चा अगदी स्वस्तातला टायरही आहे. जीपी ५००० नो कॉस्ट ईएमआयवर घेऊ, की त्यासाठी दोन महिने म्युच्युअल फंडातली एसआयपी थांबवू? क्रेडिट कार्डावर २२,००० बाकी आहेत, दर महिन्याला किमान रक्कम भरतो. घराचा हप्ता चालू आहे. अडीअडचणीसाठी दीड महिन्याचा खर्च बाजूला ठेवलाय.

उत्तर: ११,६०० ची जोडी घेऊ नका. ७५० चा टायरही घेऊ नका. १,९०० चा घ्या, आणि तोही बहुधा एकच पुरेल.

तुम्ही फक्त मागच्या टायरबद्दल लिहिलंय, पण हिशेब जोडीचा मांडलाय. दुकानात बहुतेकांचं असंच होतं. रोड बाइकवर मागच्या चाकावर वजन जास्त येतं आणि पायडलचा जोरही तिथूनच रस्त्यावर उतरतो, म्हणून मागचा टायर पुढच्याच्या कितीतरी आधी झिजतो. घरी दिवसाउजेडी पुढचा टायर नीट पाहा. कडेच्या भिंतीला बारीक भेगा, रबरात खोल काप, कुठे फुगवटा, यातलं काही नसेल तर तो अजून चालेल. तो काढून मागे लावा आणि नवा टायर पुढे बसवा. हे उलटं वाटेल, पण चांगला टायर पुढेच हवा. मागचा फुटला तर सायकल कशीबशी सावरता येते, पुढचा फुटला तर हँडल हातात राहत नाही. पुढच्यालाही भेगा पडल्या असतील, आणि २०२१ च्या रबराचं तसं होऊ शकतं, तर मात्र दोन्ही बदला. त्यात काटकसर नको. आणि मागचा टायर बदलेपर्यंत सायकल बाहेर काढू नका, अगदी धरणापर्यंतसुद्धा नाही.

आता पैशांचं बघू. आठवड्याला ७० किलोमीटर, पावसाळ्यातले आणि सणासुदीचे काही रविवार वजा केले तर वर्षाचे ३,००० किलोमीटर धरू. स्वस्तातला टायर ३,००० किलोमीटर आणि उरलेले दोन्ही ५,००० किलोमीटर चालतील असं हिशेबापुरतं गृहीत धरतो. वजन, रस्ता आणि हवा यांप्रमाणे हे आकडे पुढेमागे होतील. मग जोडीचा वर्षाचा खर्च असा येतो: स्वस्तातली १,५०० रुपये, मधली २,२८० रुपये, जीपी ५००० ची ६,९६० रुपये. स्वस्तातल्यापेक्षा मधल्या जोडीला वर्षाला ७८० रुपये जास्त लागतात. त्या बदल्यात ओल्या रस्त्यावर बरी पकड मिळते आणि रस्त्यावर बसून ट्यूब बदलायची वेळ कमी येते. नवी ट्यूब, पंक्चर, रिक्षाने घरी परत येणं हे सगळं धरलं तर तो फरक बराचसा भरूनही निघतो. मधल्यापेक्षा महागड्या जोडीला मात्र वर्षाला ४,६८० रुपये जास्त जातात. त्यातून मिळतो तो हलकेपणा आणि रस्त्यावर कमी अडणारं रबर. हा गुण खरा आहे, तुमचे मित्र खोटं सांगत नाहीत. पण शर्यत नसताना ३५ किलोमीटरांत त्यामुळे वाचतील ती फार तर काही मिनिटं.

२०१५ मध्ये नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी रेस अक्रॉस अमेरिका पूर्ण केली. जवळजवळ पाच हजार किलोमीटरची, घड्याळाशी लावलेली शर्यत. तिथे रबरातला एवढासा फरकही मोलाचा असतो. तुमच्या रविवारच्या फेरीला तो भाव देण्याचं कारण मला दिसत नाही.

मधल्या गटात व्हिटोरिया झाफिरो, कॉन्टिनेन्टल अल्ट्रा स्पोर्ट, श्वाल्बे लुगानो ही नावं विचारा. एकाच टायरचे बऱ्याचदा दोन प्रकार मिळतात: एक कडेला तार असलेला, दुसरा घडी होणारा. तारेचा थोडा जड, पण स्वस्त. तुम्हाला तोच पुरे. ट्यूबलेसच्या नादी लागू नका. त्यातलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, दर काही महिन्यांनी भरावं लागतं, म्हणजे दर वर्षाचा आणखी एक खर्च मागे लागतो.

मापाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा, कारण चुकीच्या मापाचा टायर म्हणजे सरळ पैसे पाण्यात. सध्याच्या टायरच्या कडेवर २५-६२२ असं काहीतरी लिहिलेलं असेल. त्यातलं २५ म्हणजे रुंदी आणि ६२२ म्हणजे रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ६२२ जुळलंच पाहिजे. गल्लीतल्या दुकानात नुसतं ‘अठ्ठावीस इंची’ मागितलंत तर साध्या काळ्या सायकलचा टायर हातात येईल. त्याचं माप ६३५ असतं, तुमच्या रिमवर तो बसणार नाही. २५ च्या जागी २८ रुंदीचा घेता आला तर जरूर घ्या. आपल्या खड्ड्यांना तो जास्त सोसतो आणि थोड्या कमी हवेवरही चालतो. फक्त ब्रेकखाली आणि फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात, जागा आहे का, हे दुकानातच चाक लावून पाहा.

वाचलेल्या पैशांतून एक वस्तू मी आग्रहाने घ्यायला सांगेन: हवेचा दाब दाखवणारा काटा असलेला उभा पंप. १,४०० च्या आसपास धरा. रोड बाइकच्या बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला पेट्रोल पंपावरची नळी थेट बसत नाही, अडॅप्टर लागतो. शिवाय तिथल्या जोरात एवढीशी ट्यूब फुटायला वेळ लागत नाही. कमी हवेवर खड्ड्यात चाक गेलं की ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. अशा पंक्चरमध्ये टायरचा दोष नसतो. दर फेरीआधी हवा पाहिली तर १,९०० चा टायरही छान पळतो. दोन जादा ट्यूबा ६०० च्या, टायर काढायच्या पट्ट्या आणि पॅच ३०० चे. एक टायर धरून सगळे मिळून ४,२०० रुपये.

आता ईएमआय. नो कॉस्ट म्हणतात, पण बँक व्याज लावतेच. विक्रेता तेवढी सूट किमतीत दाखवतो. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच माथी येतो, वर बहुतेकदा प्रोसेसिंग फीही असते. शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते, असं रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. रोख घेताना मिळणारी घासाघीसही हातची जाते.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात काळजीची वाटलेली गोष्ट टायर नाहीच, ती २२,००० ची बाकी आहे. किमान रक्कम भरून ती हलत नाही. महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर ७७० रुपये नुसते व्याजाचे, त्यावर जीएसटी वेगळा. आणि बाकी असताना कार्डावर नवी खरेदी केली तर बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज लागतं. म्हणून हे ४,२०० कार्डावर नकोत, पगारातून रोख द्या. एका महिन्यात जमत नसेल तर आधी टायर, पुढच्या पगाराला पंप.

एसआयपीबद्दल माझं मत तुम्हाला कदाचित अनपेक्षित वाटेल. टायरसाठी ती थांबवू नका, पण कार्डासाठी थांबवा. वर्षाला चाळीस टक्क्यांवर जाणारं व्याज भरत असताना त्याहून कमी परताव्याच्या आशेनं दुसरीकडे गुंतवणूक करण्यात तोटाच आहे. कार्डाची बाकी शून्यावर येईपर्यंत एसआयपीच्या हप्त्याची रक्कम कार्डाकडे वळवा. मात्र फंडाकडे रीतसर ‘पॉज’ची विनंती द्या. खात्यात पैसे न ठेवता हप्ता चुकवलात तर बँक दंड लावते, आणि मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले की ती रद्द होते. कार्ड मिटलं की आधी एसआयपी पुन्हा सुरू करा, आणि कार्डाकडे जाणारी बाकीची रक्कम अडीअडचणीच्या निधीत टाका. घराचा हप्ता डोक्यावर असताना दीड महिना फार कमी आहे. सहा महिन्यांचा खर्च साठेपर्यंत थांबू नका.

सायकल सोडा असं मी म्हणणार नाही. उलट तिच्यासाठी महिन्याला ५०० रुपये वेगळ्या खात्यात टाका. टायर, चेन, ब्रेकपॅड, सर्व्हिसिंग सगळं त्यातूनच करायचं. कार्ड फिटल्यावर त्या खात्यात पैसे साठले आणि तेव्हाही जीपी ५००० हवेसे वाटले, तर खुशाल घ्या. सेलमध्ये स्वस्त मिळतात म्हणून चार टायर घेऊन ठेवू नका, रबर माळ्यावर पडूनही जुनं होतं.