कोंबड्या सोडल्या तर बागेतलं गाजर गवत आणि लव्हाळा जाईल का?

तुम्ही विचारलंय की घरामागच्या तीन गुंठ्यात गाजर गवत, हरळी आणि लव्हाळा माजलाय, तणनाशक मारायचं नाहीये, तर आठ-दहा कोंबड्या सोडून काम होईल का. मी साताऱ्याकडे हे करून बसलोय, दोन पावसाळे झाले. अर्धं काम होतं, पण तुम्हाला वाटतंय ते अर्धं नाही.

उभ्या गाजर गवताला कोंबडी चोच लावत नाही. कडू जहर असतं ते, जनावरांनी खाल्लं तर दूधसुद्धा कडवट येतं. पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने सहा गावरान कोंबड्या कमरेएवढ्या गवतात सोडल्या आणि आठ दिवसांनी बघतो तर गवत तसंच, आणि ह्या बाया खाली सावलीत धुळीत लोळतायत. वर अंडी कुठेतरी आत घालून ठेवलेली, ती शोधायला मलाच त्यात शिरावं लागलं आणि मग हाताला जी खाज सुटली ती पंधरा दिवस गेली नाही. तुमच्या घरात कोणाला दमा किंवा अ‍ॅलर्जी असेल तर त्या माणसाला उपटायला लावूच नका.

दुसऱ्या वर्षी उलटं केलं. आधी स्वतः हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला फडकं असं सगळं करून फुलं यायच्या आत गवत मुळासकट उपटलं. फुलं येऊ दिली की संपलं, एका झाडाला हजारोंनी बी धरतं आणि ते मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. पुण्यात हे गवत १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नोंदलं गेलं म्हणतात आणि आज कुठे नाही ते सांगा! जमीन मोकळी झाल्यावर दहा बाय बाराच्या तुकड्याला जाळी मारून कोंबड्या आत कोंडल्या. पाऊस पडला की दोन-चार पानांची रोपं उगवतात, ती त्या खात नाहीत पण किडे-गांडुळं शोधताना नखांनी उकरून मुळं वर काढतात, मग ऊन पडलं की वाळून जातात. खालचं बी वर येतं, उगवतं, परत उकरलं जातं. दोन-तीन आठवड्यात तुकडा चकाचक, मग जाळी पुढे सरकवायची. केना, घोळ, तांदुळजा, कोवळी हरळी हे मात्र आवडीने खातात.

लव्हाळ्याचं विसरा. त्याचे गड्डे अर्धा-अर्धा फूट खाली माळेसारखे असतात, कोंबडी उकरते फार तर दोन-तीन इंच. वरची पात खाल्ली तरी चार दिवसांत परत हजर. कुदळीने खणून गड्डे वेचायचे, दुसरा उपाय मला तरी सापडला नाही. नंतर तिथे रताळ्याचे वेल पसरवले, सावली त्याला सोसत नाही, त्यामुळे निदान जोर कमी झाला. हरळीच्या जुन्या जाड मुळ्यांचंही तेच, आधी कुदळ मग कोंबडी.

जाळी जिथे नसेल तिथे टाकळ्याचं बी फेकून ठेवा, तो दाट वाढला की गाजर गवताला जागाच देत नाही आणि कोवळा असताना भाजीही होते. (आमच्याकडे सासूबाईंना हा उपाय सगळ्यात जास्त पटला.)

आणि हो, कोंबडीला तण आणि तुमची मेथी यातला फरक कळत नाही, उलट मेथी-कोथिंबीर आधी संपवते. माझ्या शेजारच्या काकूंचा पालकाचा वाफा एका दुपारी साफ झाला, त्या अजून नीट बोलत नाहीत. त्यामुळे जाळी पाच-सहा फूट उंच घ्या, गावरान कोंबडी चांगली उडते. कोंडलेल्या तुकड्यात लगेच भाजी लावू नका, ताजी विष्ठा फार गरम, रोपं करपतात, महिना-दोन महिने मुरू दे. आधी कधी तणनाशक मारलं असेल त्या जागी कोंबड्या सोडू नका, अंडी तुम्हीच खाणार आहात. पिल्लं आणलीत तर राणीखेत म्हणजे मानमोडीची लस द्या, आणि रात्री सगळ्या खुराड्यात बंद, कडीसकट. माझ्या सहातल्या दोन मुंगसाने नेल्या, जाळीखालून उकरून आला होता, आता कडेने विटा पुरल्यात.