वाचक विचारतात : आयर्लंडचा टीव्ही चालतो कोणाच्या पैशावर?

मागच्या अंकात आयर्लंडच्या आरटीई या सार्वजनिक टीव्हीबद्दल थोडंसं लिहिलं होतं, त्यावर एवढे मेसेज आले की यावेळचं अख्खं सदर त्यालाच देतेय. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, मी डेरी गर्ल्स आणि नॉर्मल पीपल दोन्ही बघून संपवल्या, आयरिश टीव्हीचं काम एकदम भारी आहे. अजून काय बघू? (पुणे)

उत्तर : मालिका दोन्ही भारीच, पण यातली एकही आयरिश चॅनलने स्वतःच्या जिवावर केलेली नाही. डेरी गर्ल्स लंडनच्या चॅनल फोरची, आणि डेरी शहर उत्तर आयर्लंडमधे येतं म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत. नॉर्मल पीपल बनवली डब्लिनच्या एलिमेंट पिक्चर्सने, पण ती बीबीसी आणि अमेरिकेतल्या हुलूसाठी, आरटीईने ती 2020 मधे दाखवली. फादर टेड तर आयरिश लोकांना तोंडपाठ आहे, ती पण चॅनल फोरचीच. लेखक आयरिश, नट आयरिश आणि पैसा बाहेरचा, हे तिथं कायमचं आहे. चोपन्न-पंचावन्न लाखांचा देश, शेजारी साडेसहा कोटींच्या वर आणि रोजच्या बोलण्याची भाषा दोघांची एकच, मग लोक शेजाऱ्याचं बघणारच. आरटीईचा टीव्ही सुरू व्हायच्या आधीपासून पूर्व किनाऱ्यावरचे आणि सीमेजवळचे लोक छपरावर उंच अँटेना लावून ब्रिटिश चॅनल पकडायचे. आरटीईची स्वतःची मालिका बघायची तर लव्ह/हेट शोधा, 2010 ते 2014, डब्लिनच्या ड्रग्जच्या टोळ्यांवरची. अंगावर येते, पण बघाच.

प्रश्न : सार्वजनिक म्हणजे सरकारीच ना? आपल्या जुन्या दूरदर्शनसारखं, मंत्र्यांची भाषणं आणि उद्घाटनं? (सोलापूर)

उत्तर : सरकारने हात घातलाच नाही असं अजिबात नाही. 31 डिसेंबर 1961च्या रात्री टीव्ही सुरू झाला तेव्हा राष्ट्रपती डी व्हॅलेरांनी पहिल्याच भाषणात सांगितलं की या माध्यमाच्या ताकदीचा विचार केला की मला कधीकधी थोडी भीती वाटते. भीती नुसती बोलण्यापुरती राहिली नाही, 1971 पासून ब्रॉडकास्टिंग कायद्याच्या कलम 31 खाली सरकारने आयआरएच्या, म्हणजे उत्तर आयर्लंड ब्रिटनपासून सोडवायला शस्त्र उचललेल्या संघटनेच्या लोकांना हवेवर आणायला बंदी घातली आणि पुढे तिच्या जवळच्या शिन फेन पक्षाच्या कोणालाच आणता येईना. 1972 मधे आयआरएच्या प्रमुखाच्या मुलाखतीवर आधारित बातमी रेडिओवर गेली तर सरकारने आरटीईचं अख्खं संचालक मंडळ काढून टाकलं, आणि टेपवरचा आवाज कोणाचा ते कोर्टात सांगायला नकार दिला म्हणून पत्रकार केविन ओ'केली तुरुंगात गेला. ही बंदी कुठवर गेली बघा, डब्लिनच्या एका बेकरीत संप झाला, कामगारांच्या वतीने बोलणारा माणूस शिन फेनचा सदस्य निघाला, तर बेकरीच्या संपाबद्दल सुद्धा त्याचा आवाज आरटीईने घेतला नाही. तो कोर्टात गेला आणि सुप्रीम कोर्टात 1993 मधे जिंकला. जानेवारी 1994 मधे मंत्री मायकल डी. हिगिन्स यांनी तो आदेश पुढे वाढवलाच नाही आणि बंदी संपली. हे नाव लक्षात ठेवा, खाली परत येणार आहे.

पण याच आरटीईने जे केलं ते खाजगी चॅनलने केलं असतं असं मला वाटत नाही. तिथं चर्चचं वजन एवढं होतं की 1966 मधे लेट लेट शो या आरटीईच्या रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमात नवरा-बायकोच्या एका खेळात विचारलं की लग्नाच्या रात्री बाईंच्या नाइटीचा रंग कोणता होता, आणि बाई म्हणाल्या बहुतेक मी काही घातलंच नव्हतं, प्रेक्षक हसले, आणि दुसऱ्या दिवशी क्लोनफर्टच्या बिशपने चर्चमधून निषेध केला, पेपरांत गाजलं आणि आरटीईला माफी मागायला लागली. गे बर्न हा माणूस हा शो 1962 पासून 1999 पर्यंत चालवत होता, ज्या विषयांवर घरात कोणी तोंड उघडत नव्हतं, संततिनियमन, घटस्फोट, लग्नाआधीचं मूल, ते सगळे विषय त्याने शुक्रवार-शनिवारच्या रात्री लोकांच्या बैठकीच्या खोलीत आणून ठेवले.

आणि 1999 मधे मेरी राफ्टरी या पत्रकार बाईंनी स्टेट्स ऑफ फिअर ही तीन भागांची डॉक्युमेंटरी केली. धार्मिक संस्थांनी चालवलेल्या, सरकारच्या पैशावरच्या शाळांमधे गरीब घरातल्या हजारो मुलांना कसं मारलं, उपाशी ठेवलं, त्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाले, आणि सरकारी खात्याला ते माहीत असून काही केलं नाही, हे कागद आणि माणसं दोन्ही समोर ठेवून दाखवलं. 11 मे 1999ला पंतप्रधान बर्टी अहर्न यांनी देशाच्या वतीने माफी मागितली, चौकशी आयोग बसला आणि 2009 मधे त्याचा अहवाल आला. सरकार मालक असलेल्या चॅनलने सरकारला हे करायला लावलं. आरटीईवर मी कितीही टीका वाचली तरी हे मला बाजूला ठेवता येत नाही.

प्रश्न : आयरिश भाषेचं वेगळं चॅनल आहे म्हणे, बघतं का कोणी? (मडगाव)

उत्तर : टीजी फोर. 31 ऑक्टोबर 1996ला सुरू झालं, मुद्दाम डब्लिनमधे नाही तर पश्चिमेला गॉलवेजवळच्या आयरिश बोलणाऱ्या पट्ट्यात. लोकांनी मोठी चळवळ करून मिळवलं आणि आणणारा मंत्री तोच, मायकल डी. हिगिन्स, जो नंतर 2011 ते 2025 देशाचा राष्ट्रपती होता. पैसे वाया जाणार म्हणून तेव्हा खूप ओरड झाली. 2022च्या जनगणनेत शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे साधारण 72 हजार निघाले, एवढ्यांवर जाहिरातदार चॅनल चालवणार नाही हे उघड आहे. पण टीजी फोरने नुसता भाषेचा वर्ग भरवला नाही, हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल या तिथल्या मातीतल्या खेळांचे सामने दाखवले, बायकांच्या फुटबॉल स्पर्धेला 2001 पासून स्पॉन्सर केलं, रोस ना रून ही रोजच्या गावगाड्याची मालिका सुरुवातीपासून आजपर्यंत चालू ठेवली, त्यामुळे आयरिश नीट न येणारे लोकही इंग्रजी सबटायटल वाचत बघतात. ॲन कॅलीन क्यून हा आयरिश भाषेतला सिनेमा 2023च्या ऑस्करला नॉमिनेट झाला, आयरिशमधला पहिलाच, त्याच्या मागे सुद्धा टीजी फोरची योजना होती. मला हे चॅनल मनापासून आवडतं.

प्रश्न : तिथं अजून टीव्हीचं लायसन्स भरायला लागतं? आणि तो पगाराचा घोटाळा काय होता, तेव्हा आपले वराडकर पंतप्रधान होते ना? (मालवण)

उत्तर : लागतं. वर्षाला 160 युरो, म्हणजे पंधरा हजार रुपयांच्या वर, 2008 पासून तेवढंच आहे आणि वसुली पोस्टाकडे. आपल्याकडे पण ऐंशीच्या दशकापर्यंत लायसन्सचं पुस्तक घेऊन पोस्टात जायला लागायचं, तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. आरटीई लायसन्सवर आणि जाहिरातींवर अशी दोन्हीवर चालते.

जून 2023 मधे आरटीईनेच कबूल केलं की मे 2023 पर्यंत लेट लेट शोचे निवेदक असलेले रायन टुब्रिडी यांना 2017 ते 2022 या काळात जाहीर आकड्यापेक्षा 3 लाख 45 हजार युरो जास्त दिले होते. मग संसदेच्या कमिटीपुढे सुनावण्या झाल्या, लोक कामं सोडून लाइव्ह बघत होते, आणि एकेक निघत गेलं, एका ख्रिसमसच्या संगीत नाटकात 22 लाख युरो बुडाले, जाहिरातदारांना खूश करायच्या खात्यातून चपला घेतल्या गेल्या. लोकांनी लायसन्स भरणंच थांबवलं आणि कोट्यवधी युरोंची खोट आली. लिओ वराडकर तेव्हा पंतप्रधान होते हे बरोबर, वडील मुंबईचे आणि मूळ गाव तुमच्याच तालुक्यातलं वराड. पण पैशाचा निर्णय ते गेल्यावर झाला, जुलै 2024 मधे सायमन हॅरिस यांच्या सरकारने आरटीईला तीन वर्षांसाठी 72.5 कोटी युरो जाहीर केले, लायसन्स आणि सरकारी तिजोरी मिळून. त्याआधी 2022 मधे सरकारच्याच आयोगाने लायसन्स बंद करून थेट तिजोरीतून पैसा द्या म्हणून सांगितलं होतं, सरकारने ते मानलं नाही. माझं मत आयोगाच्या बाजूने आहे, फक्त प्रत्येक पगार छापून लोकांपुढे ठेवला पाहिजे.

प्रश्न : मग सगळं खाजगी का करत नाहीत? (ठाणे)

उत्तर : खाजगी आहे की. टीव्ही थ्री 1998 मधे सुरू झालं, कॅनडाची कंपनी आली, ब्रिटनची आली, 2015 मधे लिबर्टी ग्लोबलने ते साधारण 8 कोटी युरोला घेतलं आणि 2018 पासून त्याचं नाव व्हर्जिन मीडिया. त्याच 2015च्या 1 जानेवारीला यूटीव्ही आयर्लंड सुरू झालं, ब्रिटिश मालिका घेऊन आलं, आणि दीड वर्षात विकलं गेलं. एवढ्या छोट्या बाजारात नुसत्या जाहिरातींवर स्वतःची मालिका बनवणं फार अवघड आहे.

आणि मालकीचा प्रश्न टीव्हीपुरता नाही. डेनिस ओ'ब्रायन हे उद्योगपती एका वेळी देशातल्या सगळ्यात मोठ्या वृत्तपत्र गटाचे सगळ्यात मोठे भागधारक होते आणि मोठ्या रेडिओ स्टेशनांचे मालक पण होते. मे 2015 मधे त्यांच्या बँक व्यवहारांवरची आरटीईची बातमी त्यांनी कोर्टातून थांबवली. खासदार कॅथरिन मर्फी यांनी तोच विषय संसदेत मांडला तरी बऱ्याच माध्यमांनी चार-पाच दिवस ते भाषण छापायला, दाखवायला घेतलं नाही, शेवटी हायकोर्टाने सांगितलं की संसदेतलं बोलणं थांबवायचा आमचा हेतूच नव्हता, तेव्हा ते बाहेर आलं. निवडून आलेल्या खासदाराचं बोलणं त्याच देशात दाबून राहिलं, याचा मला अजून राग येतो. पुढे 2019 मधे तो वृत्तपत्र गट बेल्जियमच्या मीडियाहाउसने घेतला आणि 2021 मधे रेडिओ स्टेशनं जर्मनीच्या बाउअरकडे गेली.

प्रश्न : भारतातून यातलं काही बघता येईल? (नागपूर)

उत्तर : टीजी फोरचा प्लेअर उघडून बघा, बरंचसं जगभर चालतं आणि सबटायटल असतात. रोस ना रूनपासून सुरुवात केली तर उत्तम.