फ्रेट्स हाताला टोचतायत, घासून घेऊ का?

प्रश्न: अकॉस्टिक गिटार एसीच्या खोलीत भिंतीवर टांगलेली असते. हल्ली नेकवरून हात फिरवला की फ्रेट्सची (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची) टोकं टोचतात, तारापण झणझणतात. फ्रेट्स घासून घेऊ का?

उत्तर: अहो थांबा, इतक्यात नको! फ्रेट्स वाढल्या नाहीयेत, कोरड्या हवेने फ्रेटबोर्डचं लाकूड आकसलंय आणि धातू आहे तेवढाच राहिलाय म्हणून टोकं बाहेर आलीत, वर पुढची फळी जरा खाली बसली की तारा फ्रेट्सला लागणारच. गिटार केसमध्ये ठेवा, साउंडहोलमध्ये, म्हणजे मधल्या गोल भोकात, बसणारा ओलावा देणारा ह्युमिडिफायर टाका (त्यातला स्पंज घट्ट पिळून, पाणी आत ठिबकलं तर नवीनच दुखणं!) आणि छोटा हायग्रोमीटर ठेवून आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहतेय ना बघा. दमट दिवसांत मात्र ह्युमिडिफायर काढून ओलावा शोषणारं सिलिका जेल ठेवा, नाहीतर फळी फुगून ॲक्शन (तारांची फ्रेट्सपासूनची उंची) वर जाते. काही आठवड्यांनीही टोचत असेल तर मग घासा.