शिकवणी हवी, प्रार्थना नको: असं म्हणता येतं का?

"मॅडम, शिकवणी फुकट आहे, शिकवतातही छान. पण आधी त्यांची प्रार्थना म्हणावी लागते. काय करू?"

गेल्या दोन वर्षांत हा प्रश्न माझ्याकडे इतक्या घरांतून आला की आता त्यावर लिहायलाच हवं. कधी वारकरी घरातली आई असते, जिच्या मुलीला जादा तासाला येशूच्या गोष्टी सांगतात. कधी मुलाच्या श्लोकपाठांतराने अस्वस्थ झालेले मुस्लिम वडील असतात. पार्श्वभूमी साधारण एकच. महापालिकेची शाळा सुटल्यावर त्याच वर्गात एखादी संस्था जादा तास घेते. खोली, बाक, वीज सगळं शाळेचं, मानधनही बरेचदा सरकारी निधीतून. संस्थेची माणसं तळमळीने शिकवतात आणि सोबत आपला देवही घेऊन येतात.

एका आईची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ती एमआयडीसीत पॅकिंगला जाते, नवरा रिक्षा चालवतो. घर बौद्ध. सासूबाई दोन-तीन वर्षांच्या असताना वडिलांच्या खांद्यावर बसून 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर गेल्या होत्या. बावीस प्रतिज्ञा त्या घरात तोंडपाठ आहेत. सहावीतल्या नातवाचं पोट मात्र जादा तासाच्या दिवशी संध्याकाळी हटकून दुखायचं. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

"गप्प बसले आणि सासूबाईंना कळलं तर त्यांचं मन मोडतं," ती म्हणाली, "बोलले तर पोराचं गणित जातं."

"बोललात तर वर्ग बंद करू, असं कुणी म्हणालं?"

"नाही."

"मग?"

"तसंच असतं मॅडम. फुकट मिळतं तिथं तोंड उघडायचं नसतं."

या वाक्यापाशी मी थांबले. माझं सगळं काम अशा वाक्यांवरच चालतं. माणसाला परिस्थिती छळते त्याहून जास्त, परिस्थितीबद्दल त्याने मनाशी ठरवून टाकलेलं वाक्य छळतं. मी तिला विचारलं, साबणाची वडी घेता तेव्हा त्यावर कर कोण भरतं? ती जरा वेळाने म्हणाली, "म्हणजे तो वर्ग आमच्याही पैशाचा आहे." उत्तर तिचं तिला सापडलं, म्हणूनच ते पुढे टिकलं.

पण मुलाचं पोट या उत्तराने थांबणार नव्हतं. तो प्रार्थनेला घाबरतो, असं आई धरून चालली होती. खरं तर मीही. इतक्या वर्षांत एक सवय मात्र मी जपली आहे: मुलांना 'का' विचारायचं नाही, 'कधी' विचारायचं.

"पोट कधी दुखतं? प्रार्थनेआधी की नंतर?"

"घरी येताना."

"घरी येताना काय असतं?"

"आजी विचारते, आज काय शिकवलं. मी सांगतो, गणित. बाकीचं सांगत नाही."

"आजीला कळलं तर?"

"रडेल."

"आणि तुला प्रार्थना म्हणायची नाही, हे वर्गातल्या ताईंना कळलं तर?"

"त्या शिकवणार नाहीत."

"म्हणजे दोघींपासूनचं गुपित तू एकटाच सांभाळतोयस."

तो बराच वेळ टेबलाची कड नखाने खरवडत राहिला. मग रडला. मी रडू दिलं. त्या दिवशी मला लख्ख दिसलं, की मुलाला दुसऱ्या धर्माची ओळख जड होत नाही. मुलं मित्राच्या घरी शिरखुर्मा खातात, नाताळचा केक खातात, त्यांचं काही बिघडत नाही. जड होतं ते दोन आवडत्या माणसांशी एकाच वेळी लपवाछपवी करणं.

मग त्याला केरळमधल्या तीन भावंडांबद्दल सांगितलं. 1985 मध्ये त्यांना शाळेतून काढलं होतं. राष्ट्रगीताला ती आदराने उभी राहायची, पण त्यांच्या श्रद्धेत बसत नाही म्हणून गायची नाहीत. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं.

"म्हणजे गप्प उभं राहिलं तरी चालतं?"

त्याचे खांदे खाली आले. तोवर ते वर ओढलेले होते, हेसुद्धा मला तेव्हाच कळलं.

घरी त्याने आजीला सांगितलं. आजी रडली, तो म्हणाला होता तशीच. मग डोळे पुसून तिने विचारलं, "अपूर्णांक जमतात का आता?" ज्याची त्याला एवढी भीती होती ते घडलं, आणि घर जागेवर राहिलं. पोटदुखी पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ओसरली.

आता पालकांसाठी. आधी घरातलं गुपित संपवा, शाळेत नंतर जा. 'तिथे काय म्हणालास?' अशी उलटतपासणी नको. 'तू म्हटलंस म्हणून मी रागावलेली नाही' एवढं पुरतं. शिकवणाऱ्या ताईंना मुलासमोर नावं ठेवू नका, त्याची माया आहे त्यांच्यावर.

शाळेत जाताना दोन गोष्टी ठाऊक असू द्या. संविधानाच्या 28 व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशातून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेतही अल्पवयीन मुलाला पालकाच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला किंवा उपासनेला बसवता येत नाही. शिवाय 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. म्हणजे तक्रार ऐकणारी माणसंही तुमच्यातलीच असतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, भाषा मऊ ठेवा.

या आईने अर्जात दोनच ओळी लिहिल्या: 'माझ्या मुलाला जादा तास हवा आहे. प्रार्थनेला माझी संमती नाही.' माझ्यासमोर तिने त्या चार वेळा मोठ्याने वाचल्या. चौथ्यांदा आवाज कापला नाही.

संस्थेच्या माणसांना वाईट वाटलं, ते स्वाभाविक होतं. वर्गातल्या ताई मात्र म्हणाल्या, "मला आधी कुणी सांगितलंच नाही." समितीच्या बैठकीत प्रार्थना थांबवायचं ठरलं, वर्ग चालू राहिला. त्या बैठकीत या आईच्या बाजूने आणखी एक बाई उठून बोलल्या. त्या प्रार्थनेच्याच धर्माच्या होत्या. त्यांचं म्हणणं होतं, देवाचं मी मुलाला घरी शिकवते, इथे त्याला भागाकार शिकवा.