धक्क्यासाठी मारू नका, आधी वारस नोंद करून बघा

अठराव्या भागात रणधीरला मारू का, हा तुमचा प्रश्न वाचला आणि हातातला चहा तसाच खाली ठेवला. तुम्ही लिहिलंय की तीस भागांची कादंबरी आहे, राजकन्या आणि तिचा सेनापती भाऊ, मैत्रिणीने वाचून सांगितलं की सगळं सेफ वाटतंय, कुणी मरतच नाही, म्हणून भावाला उडवायचं डोक्यात आलंय आणि वाचक तुटतील का अशी भीती पण आहे. सहा वर्षांपूर्वी मी डिट्टो इथेच उभा होतो. फरक एवढाच की मी कुणाला विचारलं नाही, डायरेक्ट मारलं.

आधीच सांगतो, मी कोणी मोठा लेखक नाही. साताऱ्यात एका सरकारी ऑफिससमोर झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, गिऱ्हाईक नसलं की लिहितो, छापलेलं पुस्तक एकही नाही. पटलं तर घ्या, नाहीतर पुढे चला. पात्र उभं कसं करायचं, मरायच्या आधी वाचकाचा जीव त्याच्यावर जडला पाहिजे वगैरे तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

माझी गोष्ट अशी होती. कासच्या पठारासारखं एक पठार, तिथं सात वर्षांनी टोपली कारवी फुलते (ही कारवी खरीच आहे ओ, फुलेल त्या वर्षी जाऊन या, पण शनिवार-रविवार टाळा, फुलांपेक्षा माणसं जास्त असतात) आणि ती फुलली की दुसऱ्या जगाचं दार उघडता येतं. पण दार आपोआप उघडत नाही, एक ओवी म्हणावी लागते आणि ती ओवी अख्ख्या पठारावर एकाच बाईला येते, तुळाकाकी. मिश्री लावणारी, तोंडाने फाटकी, राजाला पण "ए बाळा" म्हणणारी. एका ॲपवर दर आठवड्याला एक भाग टाकायचो. तिसाव्या भागापर्यंत वाचणारे कमी कमी होत गेले आणि तेवढ्यात त्या ॲपच्या ऑफिसातून एकाचा फोन आला, "सर, एखादी मोठी डेथ टाका ना, लोकांना धक्का लागतो, एंगेजमेंट येतं." मला काय, वाटलं हे लोक रोज हेच बघतात, यांना कळत असणार. एकतिसाव्या भागात पाठीमागून बाण, दोन ओळी, काकी खलास.

चार दिवस कमेंटचा पाऊस. लोक शिव्या देत होते, रडत होते, मी दुकानात मोबाईल बघून हसत होतो. बायको म्हणाली, काय लॉटरी लागली काय.

पाचव्या दिवशी बत्तिसावा भाग लिहायला बसलो आणि घाम फुटला. ओवी फक्त काकीला येत होती. दहा वर्षांचा पोरगा नायक, त्याला तिनं काही शिकवलंच नव्हतं. दुष्ट सरदाराची आई कोण हे फक्त काकीला माहीत होतं. नावाड्याचं जुनं देणं काकीच्या नावावर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अख्ख्या गोष्टीत विनोदी बोलणारं तेच एक माणूस होतं, ती गेल्यावर उरलेले सगळे कीर्तनकारासारखे बोलायला लागले. मी एका बाणात म्हातारी मारली असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात मी गोष्टीच्या चार वाटा एकदम बुजवल्या होत्या. तीन आठवडे एक ओळ सुचली नाही. शेवटी काय केलं, तर ट्रंकेत एक जुनी पोथी सापडते आणि तिच्यात ती ओवी लिहिलेली असते. लगेच एकाची कमेंट, "पोथी होती तर काकी कशाला होती?" काय उत्तर देणार राव, बरोबरच होतं त्याचं.

मग म्हटलं एकतिसावा भागच बदलू. तर चोवीस तास उलटल्यावर छापलेल्या भागाला हात लावता येत नाही म्हणे. ज्या माणसाने फोन करून डेथ टाका सांगितलं होतं तो आता फोन उचलेना. सपोर्टला मेल केला तर आपोआप उत्तर, आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, तिकीट नंबर अमुक. अकरा मेल केले मी. अकरा तिकीट नंबर आले, एसटीची तिकिटं असती तर पुण्याला जाऊन आलो असतो. माझ्या समोरच्या ऑफिसात निदान साहेब जेवायला गेलेत असं सांगायला एक शिपाई तरी असतो, इथे तोही नाही. नाव घेत नाही, घेऊन उपयोग पण नाही, पण एक लक्षात ठेवा, गोष्ट पूर्ण लिहून झाल्याशिवाय भाग चढवायला सुरुवात करू नका. किमान दहा भाग तरी हातात ठेवा. हा सल्ला मला कुणी दिला असता तर त्याला मोती चौकातून कंदी पेढे पाठवले असते.

आणि मग मी पहिल्यापेक्षा मोठा गाढवपणा केला. अडतिसाव्या भागात काकीला जिवंत केलं. बेशुद्ध होती, कारवीच्या मधाने बरी झाली. मला वाटलं लोक खूश होतील. एका नर्सताईंची कमेंट आली की नाईट ड्युटीला वॉर्डात बसून रडले होते मी, ते कशासाठी रडले तेवढं सांगा. ती कमेंट अजून स्क्रीनशॉट काढून ठेवलीय. त्यानंतर एक्केचाळिसाव्या भागात नायकाचा दोस्त खरोखर मेला, गरज होती म्हणून मेला, मी स्वतः लिहिताना रडलो. तर खाली काय कमेंट? "येईल परत, मध संपला का?" तिथं गोष्ट बंद केली. अजून बंदच आहे.

आता माझं मत. मत आहे, नियम नाही. मी दुकानात रोज वारस नोंदीचे अर्ज टाईप करतो. माणूस गेला की मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, तलाठ्याकडे अर्ज, मग फेरफार म्हणजे नाव बदलल्याची नोंद, नोटीस, पंधरा दिवसांत कुणाची हरकत आली नाही तर मंडल अधिकारी मंजुरी देतो आणि सातबाऱ्यावर पोरांची नावं चढतात. नुसती जमीन चढत नाही, इतर हक्कात सोसायटीच्या कर्जाचा बोजा असतो तोही येतो. आणि खरी गोष्ट तिथंच सुरू होते, चुलते-पुतणे माझ्या दुकानात झेरॉक्स मशीनवर हात आपटून भांडतात, मेलेल्या माणसाला कुणी विचारत पण नाही. कल्पनेतल्या राज्यात पण हेच चालतं असं मला आता वाटतं. पात्र मारायच्या आधी एका कागदावर त्याचा सातबारा काढा. त्याच्याकडं वस्तू काय, गुपित काय, शपथ कुणाला दिलीय, देणं कुणाचं, वैर कुणाशी, आणि गोष्टीत त्याचं काम काय (हसवणं हे पण काम आहे!). मग प्रत्येकापुढे वारसाचं नाव लिहा. काकीच्या वेळी मी हा कागद काढला असता तर सगळ्या ओळींपुढे रेघ दिसली असती, वारस कोणी नाही, आणि तसं झालं की गोष्टीला कुलूपच लागतं. उलट सगळं योग्य माणसाला सरळ मिळत असेल तर तो मेला काय नि बदली होऊन गेला काय, काही फरक पडत नाही. मजा तेव्हा येते जेव्हा एखादी गोष्ट चुकीच्या माणसाला मिळते, किंवा अर्धीच मिळते.

अर्ध्यावरून अभिमन्यू आठवतो. चक्रव्यूहात जायचं माहीत, बाहेर यायचं नाही, तेराव्या दिवशी गेला. माझ्या काकीने पोराला अर्धी ओवी शिकवून मरायला पाहिजे होतं, म्हणजे त्याला दार उघडता आलं असतं पण बंद करता आलं नसतं. हे मला चार वर्षांनी सुचलं, आंघोळ करताना. काय उपयोग.

आणि महाभारतात पुढं बघा ना. अभिमन्यू मेला म्हणून अर्जुनाने दुसऱ्या दिवशी सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारायची प्रतिज्ञा केली, चौदाव्या दिवशी तो मेला, लढाई न थांबता रात्रीपण चालू राहिली, रात्री राक्षसांचं बळ वाढतं म्हणून घटोत्कच आवरेना, म्हणून कर्णाला इंद्राची ती एकदाच चालणारी शक्ती त्याच्यावर सोडावी लागली, जी त्याने अर्जुनासाठी राखून ठेवली होती. पांडव रडतायत आणि कृष्ण आनंदाने नाचतोय! सतराव्या दिवशी कर्ण गेला तेव्हा त्याच्या हातात ती शक्ती नव्हती. फँटसी लिहिणाऱ्याने हा भाग पाठ करावा असं माझं म्हणणं आहे, कारण इथं मरणाने जादूच्या हिशोबातून काहीतरी कायमचं खर्च होतं. तुमच्या रणधीरच्या मरणाने जादूतलं काय खर्च होणार? काहीच नसेल तर तो नुसता अपघात.

मारणाऱ्याला पण काहीतरी मोजायला लावा. द्रोणांच्या वेळी धर्मराजाने ते अर्धं खोटं बोललं आणि त्याचा रथ, जो जमिनीच्या चार बोटं वर चालायचा, तो खाली टेकला. एवढंच.

वारस कोण होणार यात वाचकाला चकवता येतं, धक्का द्यायचाच असेल तर तिथं द्या. मी सकाळी अजिंक्यताऱ्यावर चालायला जातो तेव्हा दर वेळी डोक्यात येतं, १७०० साली औरंगजेब याच किल्ल्याला वेढा घालून बसला होता आणि तिकडे सिंहगडावर राजाराम महाराज गेले. पुढच्याच महिन्यात हा किल्ला पण त्याला मिळाला. बादशहाला वाटलं असणार, संपलं आता. आणि वारसा चालवायला उभ्या राहिल्या पंचविशीतल्या ताराबाई, बादशहा १७०७ ला मेला तोपर्यंत त्यांनी त्याला दख्खनेतून हलू दिलं नाही. राजा मेल्यावर लढाई संपली नाही, वाढली. तुमच्या राजकन्येत हे आहे का ते बघा, का ती भावाच्या चितेपुढे चार भाग नुसती रडणार आहे?

मेलेल्याला परत आणू नका हे मी सांगायला नको, पण मेलाय हे दाखवा पण. प्रेत दाखवलं नाही की वाचक लगेच ओळखतो, हा येणार. पानिपतावर १७६१ ला सदाशिवरावभाऊ गेले पण लोकांची खात्री पटेना, त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर वैधव्य मानलंच नाही असं सांगतात, आणि मग मीच भाऊ म्हणणारा तोतया उभा राहिला आणि ते प्रकरण मिटायला १७७६ उजाडलं. हां, आता तुम्हाला मुद्दाम तोतया आणायचा असेल तर वेगळं, ते भारी होईल. रणधीरच्या नावाने कोणी दुसराच परत येतो आणि बहिणीला कळतं पण सैन्याला कळत नाही... असो, गोष्ट तुमची आहे.

आणि मारायचंच असं पण नाही ओ. भीष्म दहाव्या दिवशी पडले, मेले उत्तरायणात, मधल्या काळात बाणांवर पडून सगळं बघत होते. सेनापती जिवंत आहे पण तलवार उचलता येत नाही, हे मेल्यापेक्षा जड जाऊ शकतं. सेफ वाटतंय याचा अर्थ कुणी मरत नाही असा नसतो बऱ्याचदा, कुणाचं काही जात नाही असा असतो. तुमच्या मैत्रिणीला एकदा नीट विचारा, कुठल्या भागात कंटाळा आला. माझा अंदाज आहे की ती अठराच्या आधीचाच भाग सांगेल. अंदाज हं, मी तुमचं सगळं वाचलेलं नाही.

एक किरकोळ टिप, मारायचं ठरलं तर फाइलमध्ये रणधीर नाव सर्च करून पुढच्या बारा भागांत कुठं कुठं येतं ते बघा. माझ्या बत्तिसाव्या भागात काकी एका ठिकाणी चहा पीत होती.

तुमच्या पोस्टवरून मला रणधीरच्या नावावर तीन गोष्टी दिसतात, घराण्याच्या रक्तानेच जागी होणारी तलवार, बापाचा खून कुणी केला ते गुपित, आणि नदीवरच्या चेटकिणीला दिलेला शब्द. तलवार बहिणीकडे जाणार हे शेंबडं पोर पण सांगेल. गुपित त्याच्याबरोबर जाळू नका, माझी काकी आठवा. तो शब्द कुणाच्या डोक्यावर बसवायचा ते ठरवून इथंच लिहा, मी नऊला दुकान बंद करतो, मग बघतो.